चाकावरच्या घराला वीज जोडताना

वाचकहो, उन्हाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, धारवाड या पट्ट्यातल्या किती तरी घरांत एकच धांदल असते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आणि आई-बाबांची तिकडे जायची तयारी. मेतकूट, सांडगे, चटण्या, कुंद्याचा डबा, आणि या सगळ्याचं वजन बॅगेत बसतं का याचा रोजचा हिशेब. अशाच तयारीत असलेल्या एका वाचक भगिनींनी आमच्या या सदरासाठी पत्र पाठवलं आहे. त्यांच्या मुलाने तिकडे 'कॅम्पर' घेतला आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकावरचं घर. यंदा यलोस्टोन पाहायला त्यातूनच जायचा बेत आहे. सून हुबळीकडची, तिने फोनवर सासूबाईंना हसत सांगितलं, 'अत्ते, आतमध्ये एसी, फ्रिज, मायक्रोवेव्ह सगळं आहे, घरच आहे ते!' सासूबाईंचा प्रश्न असा की, एवढं सगळं चालवायला रानावनात वीज येते कुठून, आणि जनरेटर लावून रात्री आत झोपलं तर चालतं का? शिवाय, आपला मिक्सर न्यावा का?

प्रश्न साधे वाटले तरी उत्तरात जिवाची गोष्ट आहे. म्हणून यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला.

आधी तिकडची वीज समजून घेऊ. आपल्या घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत साध्या सॉकेटमध्ये १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. घराच्या बोर्डापर्यंत मात्र दोन फेज वायर येतात. त्यातल्या कोणत्याही एकीत आणि न्यूट्रलमध्ये १२० व्होल्ट, आणि दोघींमध्ये मिळून २४०. कपडे वाळवायचं यंत्र, विजेची मोठी शेगडी ही मंडळी २४० वर चालतात, बाकी सगळं १२० वर. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅम्परची सोय दोन प्रकारची. लहान-मध्यम कॅम्परला ३० अँपियरचं कनेक्शन असतं. तीन पिनांचा जाड प्लग, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. १२० गुणिले ३०, म्हणजे ३,६०० वॅट. मोठ्या गाड्यांना ५० अँपियरचा चार पिनांचा प्लग असतो, त्यात दोन फेज येतात आणि एकूण १२,००० वॅट मिळतात. नावात फरक ३० आणि ५० चा, पण प्रत्यक्ष ताकदीत तिपटीहून जास्त. ज्यांचा कॅम्पर ३० चा आहे त्यांनी ३,६०० हा आकडा पाठच करावा. एसी चालू असताना साधारण १,५०० वॅट घेतो. मायक्रोवेव्ह तेवढंच. चहाची इलेक्ट्रिक केटल तेवढीच. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कुणी चहाला पाणी ठेवलं की ब्रेकर पडलाच म्हणून समजा. तो पडणं वाईट नाही, तो त्याचं काम करतो. त्याला पुन्हा पुन्हा वर ढकलत बसणं वाईट. आतले दिवे आणि पाण्याचा पंप मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, म्हणून ब्रेकर पडला तरी अंधार होत नाही.

कॅम्पग्राउंडवर प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी कमरेएवढ्या उंचीचा एक खांब असतो. त्यावर झाकणाखाली २०, ३०, ५० अँपियरची सॉकेटं आणि प्रत्येकाचा ब्रेकर. यलोस्टोनमध्ये जायचं म्हणता, तर तिथे अशी वीज-पाण्याची जोडणी एकाच ठिकाणी मिळते, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कवर. अस्वलांचा वावर म्हणून कापडी भिंतींच्या गाड्यांना तिथे प्रवेशच नाही. बाकीच्या कॅम्पग्राउंडवर तुमची बॅटरी आणि जिथे परवानगी असेल तिथे जनरेटर, तोही ठरलेल्या वेळेतच.

खांबाला जोडणी करायची ती अशी. आधी खांबावरचा ब्रेकर बंद. सॉकेट डोळ्यांनी नीट पाहायचं. काळपटलेलं, वितळलेलं, ढिलं असेल तर तिथे जोडायचंच नाही, ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागायची. संकोच करू नये, तिकडे ही नेहमीची गोष्ट आहे. आतला एसी, वॉटर हीटर बंद आहे याची खात्री करायची. मग संरक्षक यंत्र, ज्याला तिकडे 'ईएमएस' म्हणतात, ते सॉकेटमध्ये, त्याच्यापुढे कॅम्परची केबल, आणि शेवटी ब्रेकर चालू. हे यंत्र लगेच वीज आत सोडत नाही. आधी व्होल्टेज बघतं, अर्थ आहे का बघतं, फेज-न्यूट्रल उलटे तर नाहीत ना बघतं, आणि मग दोनेक मिनिटांनी जोडतं. यातली बरीच यंत्रं १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ च्या वर वीज तोडतात. यंत्र महाग असतं, पण एसीचा कॉम्प्रेसर त्याहून महाग.

व्होल्टेज कमी होण्याची गोष्ट तर आपल्या लोकांना सांगायलाच नको. उन्हाळ्यात शेतावर सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की मोटर गुरगुरते पण उचलत नाही, आणि तासाभरात वाइंडिंगचा वास येतो. कॅम्पग्राउंडवर दुपारी तेच होतं. सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालू, वायर लांबवर गेलेली, आणि शेवटच्या खांबावर १२० चे १०५ झालेले. मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढते आणि तापते. अशावेळी एसी तासभर बंद ठेवावा, गाडीच्या सावलीच्या बाजूला खुर्च्या टाकून बसावं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अर्थिंग म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे एक पक्की समजूत आहे की, गळणारी वीज जमिनीत मुरवण्याची ती सोय. खड्डा खणायचा, मीठ-कोळसा घालायचा, पाईप पुरायचा, झालं. हे अर्धं खरं आहे. जमीन वीज पिऊन टाकत नाही. वीज जिथून निघाली तिथे परत जायला बघते. अर्थची वायर ही त्या परतीची सोपी, जाड वाट असते. उपकरणात फेज वायर पत्र्याला टेकली की अर्थ वायरमधून एकदम प्रचंड करंट परत जातो, आणि तो प्रचंड आहे म्हणूनच ब्रेकर क्षणात पडतो. वायरऐवजी नुसत्या मातीतून परत जावं लागलं तर? हिशेब करून बघा. अमेरिकेत जमिनीत ठोकलेल्या एका सळईचा रोध २५ ओहमपर्यंत असला तरी तेवढ्यावर भागवता येतं. १२० भागिले २५, म्हणजे ४.८ अँपियर. ३० अँपियरच्या ब्रेकरला याची जाणीवही होत नाही, तो आरामात चालू राहतो, आणि कॅम्परचा सगळा पत्रा तोवर जिवंत. आपल्याकडचा हिशेबही वेगळा नाही. अर्थचा खड्डा चांगला, १० ओहमचा धरला, तरी २३० भागिले १० म्हणजे २३ अँपियर, आणि मुख्य एमसीबी ३२ चा. म्हणून तर आम्ही या सदरातून ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीसाठी सारखे मागे लागतो. तो ब्रेकर करंट किती आहे ते बघत नाही, गेला तेवढा परत आला का ते बघतो.

कॅम्पर रबरी चाकांवर उभा असतो. म्हणजे जमिनीपासून तुटलेला. त्याची अर्थ वायर कुठे निखळली असेल, कुणी तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवायला अर्थची पिन कापून टाकली असेल, तर आतल्या एखाद्या उपकरणातली थोडीशी गळतीसुद्धा सगळ्या पत्र्यावर, दाराच्या हँडलवर, लोखंडी पायरीवर येऊन बसते. आत बसलेल्याला काहीच कळत नाही, कारण तो पूर्ण त्याच पत्र्याच्या पेटीत आहे. धोका दारात. एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात हँडलवर असलेल्या माणसाला. तिकडे याला 'हॉट स्किन' म्हणतात. माईक सोकोल नावाचे एक जाणकार तिकडे अनेक वर्षं यावर लिहीत आणि शिकवत आले आहेत, आणि त्यांचा सांगावा असा की, खिशात पेनासारखा बिनस्पर्शाचा टेस्टर ठेवा आणि जोडणी केल्यावर दाराला हात लावायच्या आधी तो पत्र्याजवळ न्या. पिवळा-लाल दिवा लागून वाजला तर हात लावू नका, खांबावरचा ब्रेकर पाडा.

आणि इथे आपल्या माणसांसाठी खास एक गोष्ट, जी अमेरिकन पुस्तकात सापडायची नाही. आपण चपला कुठे काढतो? दाराबाहेर! कॅम्पर म्हणजे घरच, म्हटल्यावर आई-बाबा गवतावर चपला काढणार, सकाळच्या दवाने भिजलेल्या जमिनीवर अनवाणी उभे राहणार, आणि आत चढायला हँडल धरणार. विजेच्या दृष्टीने याहून वाईट उभं राहणं नाही. अमेरिकन माणूस बूट घालूनच आत चढतो, म्हणून पुष्कळदा वाचतो. यावर उपाय सोपा आहे. चपला आत गेल्यावर दाराशी काढायच्या. त्यासाठी आत एक पायपुसणं टाकून ठेवा, घर स्वच्छही राहतं. पुन्हा सांगते, कॅम्परजवळ बाहेर अनवाणी फिरायचं नाही, अंघोळीहून ओल्या पायांनी तर नाहीच. हुषार री!

हँडलला जराशी झिणझिण लागली तर 'एवढं काय त्यात' म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडे 'करंट होडीतु' म्हणून हसण्यावारी नेतात. कोरड्या पायांना जे झिणझिण वाटतं तेच पावसात जीव घेतं. कुणी चिकटलंच तर त्याला हाताने ओढू नका, धावत जाऊन खांबाचा ब्रेकर पाडा, मग ९११ ला फोन.

मुलाच्या घरी कॅम्पर उभा असतो तेव्हाचीही एक फसगत सांगण्यासारखी आहे. कॅम्परसाठी गॅरेजबाहेर ३० अँपियरचं सॉकेट हवं म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावतात. त्याने आयुष्यभर ३० अँपियर म्हणजे कपडे वाळवायचं यंत्र, म्हणजे २४० व्होल्ट, असंच पाहिलेलं. कॅम्परचं तीन पिनांचं सॉकेटही दिसायला थोडं तसंच. तो मनापासून, नीटनेटकं काम करून २४० जोडून जातो. प्लग लावल्याबरोबर १२० ची सगळी उपकरणं एका दमात जळतात. तिकडे ही गोष्ट इतक्या वेळा घडते की जुनी मंडळी नव्याला आधी हेच सांगतात. म्हणून प्लग लावण्याआधी मल्टिमीटर. फेज आणि न्यूट्रलमध्ये १२० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जवळपास शून्य. काटा २४० दाखवत असेल तर गाडी लांब उभी करा. ५० च्या सॉकेटमध्ये मात्र दोन फेजमध्ये २४० दिसणं बरोबर, आणि प्रत्येक फेजला न्यूट्रलशी १२०. तिथला न्यूट्रल ढिला असेल तर एका बाजूला व्होल्टेज चढतं, दुसरीकडे पडतं, आणि कुठली वस्तू जळेल याचा नेम नाही. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मरवर न्यूट्रल तुटला की गल्लीतले टीव्ही जातात, तेच हे.

साध्या घरगुती सॉकेटवरून बॅटरी चार्ज करायला कॅम्पर जोडता येतो, त्यासाठी अडॅप्टर मिळतो. पण मग १५ किंवा २० अँपियरच्या पलीकडे जायचं नाही, म्हणजे एसी नको. बागेत वापरायची पातळ नारिंगी एक्स्टेंशन तर नकोच. ३० अँपियरला १० गेजची तांब्याची वायर लागते. तिकडचा गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, आपल्या चौरस मिलिमीटरच्या उलट, म्हणून गोंधळ होतो. उरलेली केबल गुंडाळून ठेवू नये, वेटोळ्यात उष्णता कोंडते. सैल सोडून द्यावी.

जनरेटरचं प्रकरण निराळं. तिकडे लोकप्रिय असलेला होंडाचा ईयू २२०० आय हा लहान जनरेटर २,२०० वॅटचा म्हणून विकला जातो, सतत मात्र १,८०० वॅटच देतो. त्यावर एसी सुरू करायला सुरुवातीच्या झटक्यालाच तो थकतो. म्हणून दोन जनरेटर जोडतात किंवा एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवतात. पण खरा बारकावा न्यूट्रलचा आहे. कॅम्परच्या आत न्यूट्रल आणि अर्थ मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. ते एकत्र येतात ते कॅम्पग्राउंडच्या मुख्य बोर्डात, एकाच जागी. मघाशी सांगितलेली परतीची वाट तिथे पुरी होते. लहान जनरेटरमध्ये ते एकत्र केलेलेच नसतात, वाट अर्धवट राहते, आणि ईएमएस 'अर्थ नाही' म्हणून वीज नाकारतं. लोक यंत्रालाच शिव्या देतात. तो बिचारा खरं सांगत असतो. यासाठी एक छोटा प्लग मिळतो, ज्याच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात. तो जनरेटरच्या दुसऱ्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावला की वाट पुरी होते. पण हा प्लग फक्त अशाच जनरेटरवर. काही मोठ्या जनरेटरमध्ये ही जोडणी कारखान्यातूनच असते, तिथे दुसरी करायची नाही. आणि घरच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या सॉकेटमध्ये तर तो कधीही नको. त्यावर लाल रंगाची चिठ्ठी बांधून जनरेटरच्याच पेटीत ठेवलेला बरा. जनरेटरशेजारी सळई ठोकली की काम झालं, असं म्हणणारे तिकडेही आहेत आणि आपल्या लग्नाच्या मांडवातही. ४.८ अँपियरचा हिशेब त्यांना दाखवावा.

दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये सोडण्याचा शहाणपणा आपल्या खेड्यांतून पाहायला मिळतो, तसा तिकडेही आहे. मोकळ्या टोकाच्या पिना जिवंत असतात, आणि वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमधून वर चढून लाईनवर काम करणाऱ्या माणसापर्यंत जाते. आपल्याकडे २३० ची ती ११,००० होते. खांबावर चढलेला लाईनमन कुणाचा तरी मुलगा असतो. चेंजओव्हर स्विचशिवाय घराला जनरेटर जोडायचा नाही.

आता भगिनींचा दुसरा प्रश्न, जनरेटर लावून झोपलं तर चालतं का. नाही, जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. पेट्रोलच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. दिवसभर प्रवास करून आलेल्या पासष्टीच्या माणसाला वाटतं, दमलो, पडतो जरा. तिथेच घात होतो. आणि एकाच वेळी गाडीतल्या सगळ्यांचं डोकं दुखू लागलं तर ते दमणं नव्हे. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि ९११. दिवसासुद्धा जनरेटर गाडीपासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे, कुठल्याच खिडकीच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीच्या दिशेने नको. पाऊस आला म्हणून छताखाली किंवा गाडीखाली सरकवू नये. कॅम्परमध्ये या वायूचा अलार्म असतो, त्याचं बटण दाबून तो वाजतो का हे पहिल्याच दिवशी पाहा, मागे छापलेली मुदतही वाचा. कांदा परतताना कधी वाजला म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणाऱ्या मंडळींना काय म्हणावं! आणि यलोस्टोनची रात्र जूनमध्येही गारठ्याची असते. थंडी वाजते म्हणून गॅसची शेगडी पेटवून खिडक्या लावून घ्यायच्या नाहीत. त्यातूनही तोच वायू येतो. दोन जाड रजया जास्त न्या.

निघताना क्रम उलटा. आधी आतला एसी बंद, मग खांबाचा ब्रेकर, मग प्लग. चालू एसीवर प्लग ओढला की ठिणगी पडून पिना काळ्या होतात, आणि पुढच्या मुक्कामी तेच ढिलं टोक तापतं. केबल खांबाला तशीच लावलेली ठेवून गाडी हाकणारेही असतात, म्हणून सूनबाईंनी गाडीला एक फेरी मारूनच 'होगोण' म्हणावं.

राहिला मिक्सर. आपला २३० व्होल्टचा मिक्सर १२० वर लावला तर तो जळणार नाही, पण रडतखडत फिरेल आणि डोशाचं पीठ काही वाटणार नाही. केटलची तर आणखी गंमत. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव होते, १,५०० वॅटची केटल जेमतेम ४०० वॅट देते, चहाला अर्धा तास. तिकडे ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर मिळतात, सुनेला आधीच विचारा, बहुधा तिने घेतलेलाच असेल. बॅगेतली तेवढी जागा कुंद्याला द्या.